नऊ दारांचं गळकं घर

रूपक कसं शिकवायचं हे मला चांगलं येतं. मिरजेच्या एका शाळेत मी वीस वर्षं मराठी शिकवते. दरवर्षी नववीच्या वर्गात कुणीतरी विचारतंच, "बाई, खरंच तसं असतं का?" मी सांगते की लिहिलंय तसं, पण ते तसं घ्यायचं नसतं. एवढं सांगण्याचाच मला पगार मिळतो म्हणा ना. आणि गेल्या मे महिन्यात एक रूपक लाउडस्पीकरच्या कर्ण्यातून माझ्याच घरात शिरलं, माझ्या सासूच्या घशात अडकून बसलं, तेव्हा मला ते काही केल्या बाहेर काढता आलं नाही.

आमचं घर कुपवाडला. नवरा एका वर्कशॉपमध्ये लेथवर असतो. सासू जतच्या बाजूची. मी तिला आत्याबाई म्हणते. तिचा अर्धा जन्म मेंढरांमागं गेला. सासरे वारले, मुलगा कामाला लागला, तेव्हा तिनं शेवटची मेंढरं दिराच्या हवाली केली आणि आमच्याकडं आली. गेल्या दिवाळीत न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. हृदय कमजोर, म्हणून डॉक्टर ऑपरेशनला तयार झाले नाहीत. तेव्हापासून ती पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या कॉटवर. डोकं मात्र एकदम तल्लख. ते जरा कमी असतं तर तिला सोपं गेलं असतं असं मला कितीदा वाटलंय.

तिचं सगळं मी करते. शौचाचं भांडं देणं, पुसणं, कूस बदलणं, पाठीच्या जखमा धुऊन पट्टी लावणं. लोक मला म्हणतात, तुम्ही फार करता हो. मी करते, पण मला किळस येते. जखमेची पट्टी सोडवताना तिला जे चिकटून येतं ते मला बघवत नाही. उन्हाळ्यात तर त्या खोलीचा वास पडद्याला, उशीला, माझ्या साडीला लागतो. काम झालं की मी न्हाणीत जाते, नळ सोडते आणि हात धूत राहते. साबण, मग लिंबाची फोड, मग पुन्हा साबण, नखांना ब्रश. तरी जेवताना घास तोंडाशी नेला की वास येतोच. मग मी चमच्यानं जेवते.

हे नाक मला लहानपणापासूनच आहे. आम्हीही मूळचे मेंढकंच, पण वडील एसटीत चिकटले आणि आमची मेंढरं सुटली. आम्ही मेढ्याला भाड्याच्या खोलीत राहायचो. पूर्वेकडचे मेंढके खतासाठी तिथल्या शेतांत मेंढरं बसवायला यायचे, तेव्हा शाळेला जाताना मी नाकाला रुमाल लावायची. आई म्हणायची, "आगं, आपलीच माणसं हाईत ती." मी मैत्रिणींसमोर ऐकू न आल्यासारखं करायची.

तर मे महिन्यात आमच्या कॉलनीतल्या देवळात सप्ताह बसला. नवरा त्या कमिटीत. त्यानं मोठ्या हौसेनं एक कर्णा आमच्या घरासमोरच्या खांबावर बांधून घेतला, तोंड बरोबर आत्याबाईंच्या खिडकीकडं. "आईला जाता येत न्हाई, बसल्या जागी कानावर पडंल," म्हणाला. आत्याबाईंनाही आनंद झाला. पहिल्या दिवशी त्यांनी मला केस विंचरून द्यायला लावले, डोक्यावर पदर घेतला आणि चार वाजता प्रवचन सुरू झालं तसे हात जोडून ऐकत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी प्रवचनकार महाराजांनी पोथीतला देहाचा भाग घेतला. देह म्हणजे नऊ दारांचं घर, असं पोथी म्हणते. जुनंच रूपक आहे, कितीतरी पोथ्यांत सापडतं. पण महाराजांना ते सांगून सोडून द्यायचं नव्हतं. त्यांनी एकेक दार उघडायला घेतलं. डोळ्यांतून चिपडं येतात, कानांतून मळ, नाकातून काय येतं ते सांगा बघू माउली, असं विचारून त्यांनी मांडवातल्या लोकांकडून मोठ्यानं वदवून घेतलं. तोंडातून लाळ. "आणि खालच्या दोन दारांचं तर नावच नको," असं म्हणून मग त्यांच्यावर चांगली दहा मिनिटं घालवली. लोक खो खो हसत होते. म्हातारपणी त्या दारांच्या कड्या कशा निसटतात, मग ते घर कसं गळतं, शेजारीपाजारी कसं नाक धरतात, याची त्यांनी नक्कल केली असावी, कारण मधेच नुसतं हसू ऐकू आलं. "असल्या गळक्या घरावर माणूस जीव लावतो," त्यांनी शेवट केला.

मी तेव्हा आत्याबाईंची चादर बदलत होते. त्या कुशीवर, भिंतीकडं तोंड करून.

"पोथीत आसं हाय व्हय गं?" त्यांनी विचारलं.

"आवं आत्याबाई, ते रूपक असतंय. बोलायची एक रीत."

"म्हंजी खोटं?"

"खोटं न्हाई. पण तसं घ्यायचं नसतंय."

"मग कसं घ्यायचं?"

वर्गात याचं उत्तर मी झोपेतही देते. तिथं हातात ती ओली चादर होती. मी म्हटलं की ज्यानं लिहिलं त्यानं स्वतःच्या देहाला उद्देशून लिहिलं असंल, स्वतःचा मोह तुटावा म्हणून. आत्याबाई म्हणाल्या, "त्येला कुणी धूत नसंल. त्येचं त्येला धुता येत आसंल."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भाकरी परत केली. भूक नाही म्हणाल्या. दुपारी ताकातल्या कण्या केल्या, त्यातले दोन चमचे खाल्ले. संध्याकाळी पाण्याचा पेला तसाच. मला आधी वाटलं उन्हाचं असंल. रात्रीचं भांडं कोरडं निघालं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"पाणी का पीत नाही तुमी?"

"दारं लावून घेतली," त्या म्हणाल्या. चेष्टेनं नाही, अगदी शांतपणे, घर बंद करून गावाला निघालेल्या बाईसारखं.

मला महाराजांची अशी काही शिसारी आली की त्या क्षणी ते समोर असते तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. ज्या माणसानं आयुष्यात कुणाचं भांडं उचललं नसेल, त्यानं माईकसमोर बसून नऊ दारं मोजावीत, हशे घ्यावेत आणि त्याची फेड एका अंथरुणाला खिळलेल्या बाईनं घशाला कोरड पाडून करावी. पोथीत काहीतरी दुसरंही असेलच, म्हणून मी नवऱ्याच्या कपाटातून पोथी काढली. होतं. चारच पानं पुढं देहाला उसनं आणलेलं भांडं म्हटलं होतं, परत देताना घासूनपुसून द्यायचं. तेवढं पान महाराजांनी गाळलं होतं, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं ना. मी ते आत्याबाईंना वाचून दाखवलं.

त्यांनी ऐकून घेतलं. "भांडं बरं हाय," म्हणाल्या. "पण घासतंय कोण?"

"मी घासते की."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि डोळे मिटले. मला तेव्हा काही कळलं नाही.

चौथ्या दिवशी महाराजांचं जेवण आमच्याकडं होतं. सप्ताहात रोज एका घरी असतं. सकाळी कॉलनीतले डॉक्टर येऊन बघून गेले होते. जीभ बघितली, कातडी चिमटीत धरून बघितली आणि म्हणाले, "उद्यापर्यंत पाणी पोटात गेलं नाही तर ॲडमिट करावं लागेल. आणि या हृदयाला दवाखाना झेपेल याची मी खात्री देत नाही." हे ऐकून मी पुरण वाटायला बसले.

महाराज आले. पांढरेशुभ्र कपडे, अत्तर. हॉलमध्ये पाट मांडला होता. पहिल्या पोळीवर तूप पडलं आणि वाऱ्यानं आत्याबाईंच्या खोलीचा पडदा हलला. महाराजांचा हात थांबला. त्यांनी खिशातून रुमाल काढला, नाकाला लावला, कुणाच्या लक्षात येऊ नये असा प्रयत्न केला आणि म्हणाले, "जरा हवेशीर बसावं म्हणतो." नवऱ्यानं धावत जाऊन पाट उचलून बाहेर पोर्चमध्ये मांडला. तिथं त्यांनी चार पोळ्या खाल्ल्या. कटाच्या आमटीचे भुरके मला स्वयंपाकघरात ऐकू येत होते. मला भांडं रिकामं करताना किळस येते हे मी सांगितलंच आहे, पण त्या भुरक्यांची जी आली ती त्याहून जास्त होती. ती धुऊन जाण्यासारखी नव्हती.

तरी मी गिळलं. हात जोडून त्यांच्यापुढं गेले आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "महाराज, तुमच्या शब्दाला त्या मान देतात. तेवढं रूपक आहे म्हणून सांगा. पाणी प्या म्हणा."

ते उठले. आत्याबाईंच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आले. आत पाऊल टाकलं नाही. रुमाल नाकावर होता त्यामुळं आवाज जरा बसका आला. "आजी, भाग्यवान आहात. आम्ही जन्मभर सांगतो, लोकांना कळत नाही. तुम्हाला एका प्रवचनात वैराग्य आलं. देहाची ओढ सुटली. देव तुम्हाला जवळ करतोय."

एवढं बोलून ते गेले. मी दारात उभी होते, आणि माझ्या शेजारी माझ्या नवऱ्यानं डोळे पुसले. त्याला खरंच भरून आलं होतं. त्याची आई तहानेनं वाळत होती आणि त्याला भरून आलं होतं. मी त्याला म्हटलं, "तुला लाज वाटत नाही?" तो म्हणाला, "तू शिकलेली हायस, तुला न्हाई कळायचं ह्यातलं."

संध्याकाळी बायका यायला लागल्या. बातमी मांडवात पोचली होती. एकीनं हार आणला, एकीनं बुक्का लावला, सगळ्या आत्याबाईंच्या पाया पडल्या. पायाच पडल्या, बाकी काही नाही. कूस बदलायची वेळ झाली होती. मी म्हटलं, जरा हात लावता का? तर तिघी एकमेकींकडं बघून मागं सरल्या. नवरा मांडवात होता. मी एकटीनंच वळवलं. हाराची फुलं त्यांच्या पाठीखाली चिरडली आणि जखमेला चिकटली. ती मी चिमट्यानं एकेक काढली. आता आत्याबाईंना मागं फिरायची सोयच उरली नव्हती. पाण्याचा एक घोट घेतला असता तरी सगळ्या कॉलनीत त्यांचं वैराग्य मोडलं असतं.

पाचव्या दिवशी त्यांचे ओठ फुटले होते. जीभ टाळ्याला चिकटत होती. मी ओला कापूस ओठांना लावला की त्या तोंड फिरवत. संध्याकाळी सहाला ॲम्ब्युलन्स बोलवायची असं मी नवऱ्याला बजावून ठेवलं होतं. चार वाजता कर्णा खरखरला. मी खिडकी लावायला उठले, तर त्यांनी चादरीवरचं एक बोट उचललं. राहू दे.

त्या दिवशी महाराजांनी मेंढरांचा दृष्टान्त घेतला. पूर्वेकडची, मेंढरांत वाढलेली पुष्कळ माणसं मांडवात बसतात, त्यांना आवडेल असं वाटलं असणार. म्हणाले, संध्याकाळी कळप वाड्यावर येतो तेव्हा बघा, कोकरू किती अडाणी. दिसेल त्या मेंढीच्या कासेला लागतं. आणि मेंढी त्याहून अडाणी. तिला आपलं कुठलं, दुसऱ्याचं कुठलं, काही कळत नाही. येईल त्याला पाजते. संसार असाच आहे, माउली. कुणी कुणाची आई नाही आणि कुणी कुणाचं लेकरू नाही.

आत्याबाईंनी डोळे उघडले. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"काय म्हणला त्यो?"

मी सांगितलं, अगदी जसंच्या तसं. मला काय, पाठांतराची सवय.

त्यांच्या कपाळावर आठी पडली. काहीतरी बोलायला लागल्या, पण घसा इतका सुकला होता की नुसता घरघर आवाज आला. पुन्हा प्रयत्न केला. नाही जमलं. मग त्यांनी चिडून पेल्याकडं बोट दाखवलं. मी चमचा लावला, त्यांनी चमचा बाजूला ढकलला आणि पेलाच मागितला. अर्धा पेला पाणी पिऊन, ठसकून, तोंड पुसून त्या म्हणाल्या:

"कुठल्या गावचा हाय त्यो?"

"काय की. लांबचा हाय."

"मेंढरू बगितलंय का त्येनं कवा? दोनशे मेंढ्या आसू द्यात, संध्याकाळी कोकरं सोडली की ज्येचं त्ये ज्येच्या त्येच्या आईखाली जातंय. आदी वरडून वळखत्यात. मग मेंढी शेपटीखाली हुंगती. आपलं आसलं तर पाजती, दुसऱ्याचं आसलं तर लाथ घालती. येईल त्येला पाजती म्हणं." त्यांनी उरलेलं पाणी मागितलं. "त्येला मेंढराचं ठावं न्हाई आनि माज्या अंगाचं सांगाय लागला."

मी हसले की रडले मला आठवत नाही. मी उठून ताकातल्या कण्या घेऊन आले. त्या चमच्यामागून चमचा खात होत्या आणि मधेमधे महाराजांची अक्कल काढत होत्या. कर्णा चालूच होता. मीही तोंड सोडलं. चार दिवसांचं साठलेलं सगळं बोलून घेतलं, त्या रुमालावर, चार पोळ्यांवर, पाया पडणाऱ्या बायकांवर. म्हटलं, त्या मेल्याच्या एका प्रवचनानं तुमी जीव द्यायला निघाला होता.

आत्याबाई चमचा तोंडात धरून थांबल्या.

"त्येच्या परवचनानं न्हवं गं," त्या म्हणाल्या. "मला आदीच ठावं हुतं. तुजा नळ लय येळ चालतो."

न्हाणीची भिंत त्यांच्या उशापासून दोन हातांवर आहे. सहा महिने, दिवसातून चार वेळा, त्या तिथं पडून ऐकत होत्या. साबण, लिंबू, पुन्हा साबण. पोथीनं आणि महाराजांनी त्याला नुसते शब्द दिले. चार दिवस मी ज्याच्यावर थुंकत होते, त्यानं निदान नाव घेऊन तरी कुणाला सांगितलं नव्हतं; मी मात्र रोज त्यांनाच ऐकवत होते. मला माझ्याच हातांची जी किळस आली ती मी इथं लिहून टाकते, कारण दुसरीकडं कुठं ठेवायची कळत नाही.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"चुकायचं काय त्यात. वास हाय तर हाय." त्यांनी पुढचा चमचा घेतला. मग, काही विशेष सांगत असल्याचा आव न आणता, सांगू लागल्या. "येकांदी मेंढी व्याती, तिचं कोकरू मरतंय. दुसरीकडं येकांद्या कोकराची आई मेलेली आसती. मग आमी काय करायचो, त्या मेंढीची वार, कोकरामागनं पडती ती, घ्यायची आनि त्या पोरक्या कोकराला चोळायची. पाठीला, शेपटीला, समद्या अंगाला. लय घाण. पर मेंढी हुंगती आनि आपलं म्हणून घेती. फकस्त येक करायचं. त्या कोकराला तीन-चार दीस धुवायचं न्हाई. धुतलं की लाथ."

मी त्यांचं तोंड पुसलं. नवरा सहाला ॲम्ब्युलन्सचं विचारायला आला, तेव्हा आई कण्या खाताना दिसली. तो दारातच घुटमळला. त्याला आनंद झाला असणार, पण त्या वैराग्याचं आता लोकांना काय सांगायचं हाही प्रश्न त्याच्या तोंडावर सरळ दिसत होता. मी त्याला कर्ण्याचं तोंड दुसरीकडं फिरवायला पाठवलं.

सातच्या सुमाराला आत्याबाईंनी भांडं मागितलं. दोन दिवसांनी. मी दिलं, घेतलं, पुसलं, पावडर लावली. वास होताच, किळसही आली. त्यात काही फरक पडला नव्हता. भांडं धुऊन झाल्यावर मी न्हाणीत उभी राहिले. भिंतीपलीकडं त्या जाग्या होत्या. मी एकदा साबण लावला, हात धुतले आणि नळ बंद केला. लिंबाची फोड तिथंच कोनाड्यात होती. माझा हात तिच्याकडं गेला होता.

बाहेर आले, तर त्या माझीच वाट बघत होत्या. त्यांनी माझा हात ओढून घेतला, नाकाशी नेला आणि हुंगला.

"हाय अजून," म्हणाल्या. मग हात सोडून दिला आणि अर्धी भाकरी मागितली.